मालक कोण, मुनीम कोण?



एखाद्या गृहनिर्माण संस्थेचे उदाहरण घेऊन विषयाला आरंभ करणे सोयीचे ठरेल. इमारतीला रंग द्यायचा आहे. सभासदांनी वर्षानुवर्षे भरलेल्या वर्गणीतून निधी जमला आहे. चिटणीस तीन ठिकाणांहून दर मागवतात आणि काम एका ठेकेदाराला देतात. रंग लागतो, पैसे दिले जातात, आणि सहा महिन्यांनी सभासदांना कळते की ठेकेदार हा चिटणिसांचा सख्खा मेहुणा आहे. कदाचित कामही चांगले झाले असेल, दरही वाजवी असेल. तरीही सभासदांच्या मनात जो काटा रुततो, तो अकारण नसतो. दर ठरवताना चिटणीस सभासदांच्या बाजूने बसले होते की मेहुण्याच्या, हा तो प्रश्न आहे. एकच माणूस व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना बसला की त्याचा प्रामाणिकपणा सिद्ध करणे त्यालाही शक्य होत नाही. हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात तो हाच.

आता हीच गोष्ट आठ हजार कोटी रुपयांच्या व्यवहारात घडली तर काय होते, ते १६ डिसेंबर २००८ रोजी देशाने पाहिले.

एका संध्याकाळचा ठराव

हैदराबादची सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही त्या काळी देशातील पहिल्या चार-पाच माहिती तंत्रज्ञान कंपन्यांपैकी एक. १९८७ मध्ये बी. रामलिंग राजू यांनी तिची स्थापना केली. सुमारे ५३ हजार कर्मचारी, जगभर पसरलेले ग्राहक, मुंबईबरोबरच न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातही नोंदणी. सप्टेंबर २००८ मध्ये कंपनी सुशासनासाठीचा गोल्डन पीकॉक पुरस्कारही तिला मिळाला होता. मध्यमवर्गीय घरातील मुलाला सत्यममध्ये नोकरी लागली की पेढे वाटले जात, आणि निवृत्तीच्या रकमेतून चार समभाग घ्यायचे तर त्यांत सत्यमचे नाव असे.

त्या दिवशी संचालक मंडळाने एक ठराव संमत केला. मेटास प्रॉपर्टीज ही कंपनी संपूर्ण आणि मेटास इन्फ्रा या कंपनीतील ५१ टक्के हिस्सा सत्यमने विकत घ्यावा, असा तो ठराव. किंमत १६० कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळजवळ आठ हजार कोटी रुपये. एक कंपनी जमीनजुमल्याच्या व्यवसायातील, दुसरी रस्ते आणि पूल बांधणारी. संगणक प्रणाली लिहिणाऱ्या कंपनीला यांचा काय उपयोग, हा प्रश्न कोणालाही पडावा. उत्तर नावातच दडलेले होते. इंग्रजीत ‘सत्यम’ हे नाव उलट्या क्रमाने वाचले की ‘मेटास’ होते. त्या दोन्ही कंपन्यांत राजू कुटुंबाचा मोठा हिस्सा होता आणि त्यांचा कारभार राजू यांच्या मुलांकडे होता.

आता हिशेब पाहा. सत्यममध्ये प्रवर्तक कुटुंबाचा वाटा उरला होता अवघा आठ-नऊ टक्के. म्हणजे सत्यमच्या तिजोरीतून शंभर रुपये बाहेर पडले, तर त्यांतले नव्वदहून अधिक रुपये इतरांचे, आणि ते जाणार होते प्रवर्तकांच्याच कुटुंबाच्या दुसऱ्या पेढीच्या किमतीपोटी. विकणाऱ्याच्या खुर्चीवर जे कुटुंब, तेच विकत घेणाऱ्याच्याही खुर्चीवर.

बाजाराने हा ठराव स्वीकारला नाही. न्यूयॉर्कमध्ये सत्यमच्या ठेवपावत्यांचा भाव जवळजवळ ५५ टक्क्यांनी कोसळला. मोठ्या गुंतवणूक संस्थांनी उघड विरोध केला, आणि काही तासांतच कंपनीला व्यवहार मागे घ्यावा लागला. तरीही दुसऱ्या दिवशी भारतातील भाव सुमारे ३० टक्क्यांनी उतरला. कारण पैसा वाचला असला तरी विश्वास गेला होता.

ज्यांनी प्रश्न विचारायचे होते

या ठरावाचा सर्वांत बोचरा भाग वेगळाच आहे. तो संमत करणाऱ्या मंडळात कोण बसले होते? हार्वर्डचे एक नामवंत प्राध्यापक होते. केंद्र सरकारचे माजी मंत्रिमंडळ सचिव होते. आयआयटीचे एक माजी संचालक होते. जगप्रसिद्ध संगणक चिपच्या निर्मितीशी ज्यांचे नाव जोडले जाते, असे तंत्रज्ञ होते. देशातील एका अग्रगण्य व्यवस्थापन संस्थेचे अधिष्ठाता त्या बैठकीचे अध्यक्षस्थान भूषवीत होते. यांतले बहुतेक स्वतंत्र संचालक. ‘स्वतंत्र’ याचा अर्थ प्रवर्तकांशी ज्यांचा संबंध नाही आणि सामान्य भागधारकाच्या वतीने ज्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहायचे असते, असे.

बैठकीत प्रश्न निघाले नाहीत असे नाही. पण अखेरीस ठराव संमत झाला तो एकमताने. यात कोणी लाच घेतली, असा आरोप नाही. म्हणूनच हे प्रकरण अधिक चिंतनीय ठरते. भल्या, विद्वान आणि प्रतिष्ठित माणसांकडून हे कसे घडले? पहिले कारण असे की, स्वतंत्र संचालकाचे नाव सुचवतो तो प्रवर्तक, त्याची फेरनेमणूक घडवून आणतो तोही प्रवर्तकच. ज्याच्या निमंत्रणावरून पंगतीला बसायचे, त्याच्याच स्वयंपाकाला नावे ठेवणे अवघड जाते. दुसरे कारण असे की, संचालकापुढे येते ती माहिती व्यवस्थापनाने निवडून दिलेली असते. वर्षातून चार-सहा बैठका, हाती शंभर पानांचे बाड आणि संध्याकाळी परतीचे विमान. अशा वेळी विद्वत्तेपेक्षा चिकाटी आणि स्पष्टवक्तेपणा अधिक उपयोगी पडतो. त्या डिसेंबरअखेर चार बिगर-कार्यकारी संचालकांनी राजीनामे दिले. पण तोपर्यंत वेळ टळून गेली होती.

पत्रातील कबुली

७ जानेवारी २००९ रोजी रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला एक पत्र लिहिले आणि त्या पत्राने देश हादरला. ताळेबंदात रोख व बँकेतील शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती, त्यांतले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. ३७६ कोटींचे जमा दाखवलेले व्याज खोटे होते. १,२३० कोटींचे देणे दडवलेले होते. येणे बाकी ४९० कोटींनी फुगवलेली होती. बेरीज सात हजार कोटींच्या पुढे जाते. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत कंपनीने २,७०० कोटींची विक्री आणि ६४९ कोटींचा कार्यचालन नफा जाहीर केला होता. खरी विक्री २,११२ कोटींची आणि खरा नफा केवळ ६१ कोटींचा होता. जिथे शंभर रुपयांमागे २४ रुपये सुटतात असे सांगितले जात होते, तिथे प्रत्यक्षात तीनच रुपये सुटत होते.

ही फसवणूक एका रात्रीत झाली नव्हती. सुरुवातीला खरा आणि दाखवलेला नफा यांत थोडेसे अंतर होते, ते वर्षामागून वर्ष वाढत गेले, असे त्या पत्रात म्हटले आहे. पण हे अंतर उघड का केले नाही? याचे जे कारण पत्रात दिले आहे, ते आजच्या विषयाचा गाभा आहे. प्रवर्तकांचा हिस्सा थोडा होता. कामगिरी खालावलेली दिसली असती तर कोणीतरी कंपनी ताब्यात घेतली असती आणि सारे उघडे पडले असते, ही ती भीती. म्हणजे खोट्या हिशेबाचे मूळ शोधत गेले, तर ते खुर्ची टिकवण्याच्या आकांक्षेपाशी जाऊन पोहोचते. भागधारकाचे हित सत्य कळण्यात होते, व्यवस्थापकाचे हित सत्य लपवण्यात. आणि मेटासचा व्यवहार हा काल्पनिक मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणून बसवण्याचा शेवटचा प्रयत्न होता, असेही तेच पत्र सांगते.

त्या एका दिवसात सत्यमचा समभाग सुमारे १७९ रुपयांवरून ४० रुपयांखाली आला. त्याच आठवड्यात तो ११ रुपये ५० पैशांपर्यंत घसरला. २००८ मध्येच त्याने ५४४ रुपयांचा उच्चांक पाहिला होता. या आकड्यांमागे माणसे आहेत. मुलीच्या लग्नासाठी, उतारवयातील औषधपाण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे आहेत. ज्याने कधी समभागाला हात लावला नाही, त्यालाही झळ बसली. कारण आयुर्विमा महामंडळ आणि म्युच्युअल फंडांकडेही हे समभाग होते.

लेखापरीक्षक कोणाचा?

मग लेखापरीक्षक काय करीत होते? पाच हजार कोटी रुपये बँकेत आहेत की नाहीत, हे तपासणे तत्त्वतः सोपे आहे. बँकेला परस्पर विचारायचे आणि उत्तर परस्पर मागवायचे. पुढे अमेरिकी नियामकांच्या चौकशीतून स्पष्ट झाले, की बँकेच्या खातरजमेची पत्रे लेखापरीक्षकांनी थेट बँकांकडून न मिळवता कंपनीकडून स्वीकारली होती. ज्याची परीक्षा घ्यायची, त्याच्याच हातून उत्तरपत्रिका तपासून आणण्यासारखा हा प्रकार. इथेही मूळ दोष तोच. लेखापरीक्षकाची नेमणूक कागदोपत्री भागधारक करतात, पण त्याची निवड आणि त्याचे शुल्क प्रत्यक्षात ठरवते ते व्यवस्थापन. ज्याच्यावर पहारा ठेवायचा तोच पहारेकऱ्याचा पगार देतो.

दुखणे जुनेच

हे संकट संगणक युगाची देणगी आहे, असे मात्र समजू नये. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी ही भागधारकांची कंपनी होती. तिचे मालक लंडनमध्ये आणि कारभारी बंगालमध्ये. पत्र जायला आणि उत्तर यायला वर्ष उलटायचे. या अंतरात कंपनीच्या नोकरांनी स्वतःचा खासगी व्यापार फुलवला, नजराणे घेतले, आणि गडगंज होऊन ते मायदेशी परतले. रॉबर्ट क्लाइव्हने तर नवाबाकडून अशी जहागीर मिळवली, की तिचा सारा खुद्द कंपनीनेच त्याला भरावा. नोकर मालकाचा जमीनदार झाला! या लुटीची खरी किंमत बंगालच्या रयतेने मोजली, हे विसरता येणार नाही. पण कंपनीचीही अवस्था अशी झाली, की १७७२ मध्ये तिला सरकारपुढे कर्जासाठी हात पसरावे लागले आणि १७७३ मध्ये तिच्यावर नियंत्रण आणणारा कायदा झाला. अॅडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात, दुसऱ्यांचा पैसा सांभाळणारे संचालक तो स्वतःच्या पैशाइतक्या काळजीने सांभाळतील अशी अपेक्षा धरू नये, असा इशारा दिला. त्यामागे अशा कंपन्यांचा अनुभव होता.

मुंबईच्या कापड गिरण्यांच्या इतिहासातही हीच कथा सापडते. तेथे ‘मॅनेजिंग एजन्सी’ नावाची पद्धत रुजली. गिरणी भागधारकांची, पण ती चालवणारी पेढी वेगळी, आणि दीर्घ मुदतीच्या कराराने बांधलेली. या पेढीचे कमिशन आरंभीच्या काळात बहुधा उत्पादनावर किंवा विक्रीवर ठरे, नफ्यावर नव्हे. गिरणीला तोटा झाला तरी पेढीला कमिशन मिळे. मग कापूस कोणाकडून घ्यायचा, यंत्रे कोणामार्फत मागवायची, माल कोणी विकायचा, या प्रत्येक टप्प्यावर पेढीचे हित आणि गिरणीचे हित वेगळे होण्याचा संभव. १९५६ च्या कंपनी कायद्याने या पद्धतीवर बंधने घातली आणि १९७० मध्ये ती रद्द झाली. अमेरिकेत बर्ल आणि मीन्स या दोघा अभ्यासकांनी १९३२ मध्ये मालकी व नियंत्रण यांच्या फारकतीवर ग्रंथ लिहिला. आपल्याकडे ही फारकत गिरणगावाने त्याआधीच अनुभवली होती.

आणि त्याही मागे जायचे, तर कौटिल्याच्या अर्थशास्त्राकडे जावे लागेल. राज्याचा पैसा हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांकडून होणाऱ्या अपहाराचे चाळीस प्रकार त्यात मोजले आहेत. आलेली रक्कम नोंदवायची नाही, न आलेली नोंदवायची, थोडे आलेले जास्त दाखवायचे, असे ते प्रकार. सत्यमच्या ताळेबंदावर ते ताडून पाहिले, तर माणसाचा लोभ फारसा बदलला नाही, याची खात्री पटते. माणूस मुळात वाईट, असा कौटिल्याचा निष्कर्ष नाही. मोह गृहीत धरूनच व्यवस्था उभारावी, एवढेच तो सांगतो.

सावरले कसे?

सत्यम प्रकरणातील एक उजळ बाजूही सांगितली पाहिजे. सरकारने चार दिवसांत जुने संचालक मंडळ बाजूला सारून दीपक पारेख, किरण कर्णिक आणि सी. अच्युतन यांना नेमले. नंतर आणखी तिघांची भर पडली. या मंडळींपुढे हजारो कर्मचाऱ्यांचे पगार, ग्राहकांची गळती आणि विश्वास ठेवता येणार नाही अशी हिशेबाची पुस्तके होती. त्यांनी दिवाळखोरीचा मार्ग न धरता कंपनी चालू ठेवली आणि खुल्या स्पर्धेतून नवा मालक शोधला. एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्रने प्रति समभाग ५८ रुपये देऊ करून बोली जिंकली. २०१३ मध्ये दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण झाले. नोकऱ्या मोठ्या प्रमाणावर वाचल्या, ग्राहक टिकले. जे प्रवर्तकांना स्वतःच्या भीतीपोटी करता आले नाही, ते व्यवहारात कसलाही स्वार्थ नसलेल्या सहा माणसांनी तीन महिन्यांत केले. हितसंबंध स्वच्छ असले की निर्णय किती सरळ होतात, याचा हा वस्तुपाठ आहे.

न्यायाची वाट मात्र लांबची ठरली. हैदराबादच्या विशेष न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली. महिन्याभरातच अपिलात त्या शिक्षेला स्थगिती मिळाली. अमेरिकेतील ठेवपावतीधारकांनी सामूहिक दावा लावला आणि २०११ मध्ये तडजोडीपोटी कंपनीकडून १२ कोटी ५० लाख डॉलर, तर लेखापरीक्षक संस्थेकडून २ कोटी ५५ लाख डॉलर मान्य करून घेतले. भारतातील भागधारकाला अशी सामूहिक दाद मागण्याची तरतूदच तेव्हाच्या कंपनी कायद्यात नव्हती. एकाच कंपनीचे, एकाच फसवणुकीने पोळलेले दोन भागधारक. एकाला भरपाईचा मार्ग आणि दुसऱ्याच्या हाती केवळ हळहळ. त्यात मूळ देशातला भागधारक हळहळणारा, ही सल आजही बोचते.

कायदा आणि त्यानंतर

२०१३ च्या नव्या कंपनी कायद्यावर या प्रकरणाची गडद छाया आहे. नोंदणीकृत कंपनीच्या मंडळात किमान एक तृतीयांश स्वतंत्र संचालक हवेत. लेखापरीक्षक ठरावीक वर्षांनी बदललाच पाहिजे. व्यवस्थापनाशी संबंधित व्यक्ती किंवा कंपन्यांशी होणारे व्यवहार लेखापरीक्षण समितीपुढे आले पाहिजेत. ते व्यवहार मोठे असतील तर भागधारकांची मंजुरी हवी, आणि ज्याचा संबंध आहे त्याच्या मतावर ती मंजुरी मिळता कामा नये. सामूहिक दाव्याची तरतूदही झाली. घरबसल्या इलेक्ट्रॉनिक मतदानाची सोय आली. मेटाससारखा ठराव आज एका संध्याकाळी संचालकांच्या बैठकीत उरकून टाकता येणार नाही.

मग प्रश्न सुटला का? नाही. कायदा दरवाजाला कडी बसवून देतो, पण कडी लावायची असते घरच्या माणसाने. स्वतंत्र संचालकाचे नाव सुचवण्यात आजही प्रवर्तकाचा शब्द वजनदार आहे. व्यवस्थापकाचे हित भागधारकाशी जुळावे म्हणून त्याला समभाग देण्याची प्रथा आली, पण त्यातूनही भाव फुगवण्याचा नवा मोह जन्मतो. एका बाजूने झाकावे तर दुसरी बाजू उघडी पडते.

आणि घरचा माणूस काय करतो? वार्षिक अहवाल येतो आणि न उघडता बाजूला पडतो. ठरावाची सूचना येते, मतदानाची मुदत उलटून जाते. चर्चा होते ती भावाची आणि लाभांशाची. वास्तविक अहवालातील तीन जागा पाहायला अर्धा तास पुरतो. संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टिपणी, लेखापरीक्षकाचा अभिप्राय, आणि प्रवर्तकांनी आपले किती समभाग गहाण ठेवले आहेत त्याचा तक्ता. सत्यमच्या प्रवर्तकांचेही समभाग गहाण पडले होते, पण तेव्हा ते जाहीर करण्याचे बंधन नव्हते. ते बंधन या प्रकरणानंतर, २००९ मध्ये आले. आज ती माहिती उपलब्ध आहे, पण वाचणारे डोळे थोडे आहेत.

जो माणूस भाजीच्या जुडीचा दर चार ठिकाणी विचारतो, सोसायटीच्या सभेत रंगाच्या डब्यांचा हिशेब मागतो, तोच आपल्या आयुष्याची पुंजी ज्यांच्या हाती दिली, त्यांना एक प्रश्न विचारत नाही. थोडे समभाग असलेल्याच्या मताने काय फरक पडणार, अशी त्याची समजूत असते. पण मेटासचा व्यवहार कोणत्याही सरकारी यंत्रणेने थांबवला नव्हता. तो थांबला तो भागधारकांच्या नकारामुळे. त्या वेळी आवाज मोठ्या संस्थांचा होता, हे खरे. परंतु त्या संस्थांकडचा पैसाही अखेर लहान माणसांचाच असतो.

महात्मा गांधींनी संपत्तीच्या संदर्भात विश्वस्त हा शब्द रुजवला. कंपनीच्या कारभाऱ्याला तो तंतोतंत लागू पडतो. दुसऱ्याचे धन हाताळताना ते आपले नाही याची जाणीव क्षणभरही न सुटणे, हे विश्वस्ताचे लक्षण. पण विश्वस्ताकडून हिशेब मागितला जाणे हेही त्या नात्याचेच अंग आहे. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. जुन्या पेढीवरचा सचोटीचा मुनीम दिवाळीला चोपड्या आपणहून मालकापुढे ठेवत असे, आणि मालकही त्या शेवटच्या पानापर्यंत उलटून पाहत असे. त्यात दोघांचीही अब्रू होती. मुनिमाने चोपडी पुढे ठेवायची सवय सोडली, तेव्हा अर्धा घात झाला. मालकाने ती मागायची सवय सोडली, तेव्हा उरलेला.

येत्या मोसमात घरी एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल आला, तर तो उघडून पाहावा आणि आपले मत नोंदवावे, एवढीच या व्याख्यानाच्या निमित्ताने श्रोत्यांना विनंती.